पहिला मंजूर

आंबेखोलच्या पाणीपुरवठा संस्थेत एक पद असं होतं, जे कुठल्याच कागदावर नव्हतं. चेअरमन होते, सेक्रेटरी होता, शेताशेतात पाळीप्रमाणे पाणी सोडणारा पाटकरी होता, आणि कृष्णात होता. वार्षिक सभेत पहिल्या रांगेत बसायचं आणि पहिला ‘मंजूर’ म्हणायचा, एवढंच त्याचं काम. वर्षातून एक दिवस, तोही फार तर अर्धा तास. पण त्या अर्ध्या तासाच्या जिवावर कृष्णात उरलेलं वर्षभर गावातून छाती काढून फिरायचा.

आवाजच तसा होता गड्याचा. तरुणपणी तो कुस्तीच्या मैदानात पुकारा करायचा तेव्हा भोंगा लावायची गरज पडत नसे. सभेत सेक्रेटरी सयाजी ठराव वाचायचा, ‘मंजूर आहे का?’ असं विचारून श्वास घ्यायचा, आणि तो श्वास पुरा व्हायच्या आत कृष्णातचा ‘मंजूर’ वरच्या पत्र्यावर आदळायचा. मागोमाग दोनशे गळे. मंजूर, मंजूर, मंजूर. दहा ठराव वीस मिनिटांत उडवून मंडळी मसालेभाताच्या पंगतीला बसायची. सयाजी तर इतका निर्धास्त, की सभेचं इतिवृत्त तो आदल्या दिवशीच लिहून ठेवायचा. प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’. कित्येक वर्षांत त्याला त्यातलं एक अक्षर खोडावं लागलं नव्हतं.

चेअरमनही तीस वर्षं एकच, हंबीरराव. गाव त्यांना आबा म्हणायचं. आता कुणी म्हणेल, तीस वर्षं एकच माणूस खुर्चीवर म्हणजे दांडगाई असणार, दारात पैलवान पोसले असणार. तसलं काही नव्हतं. असतं तर ही गोष्ट सोपी झाली असती आणि मी ती सांगतही बसलो नसतो.

भोगावती नदीच्या काठची मोटर पूर्वी गणपतराव नावाच्या जमीनदाराची होती. जो पाया पडेल त्याच्या उसाला पाणी, जो ताठ चालेल त्याचा ऊस वाळून चिपाड. चौऱ्याण्णव साली पंचविशीतल्या हंबीररावांनी शाळेच्या पटांगणात शेतकरी जमवले. गणपतरावही आपली माणसं घेऊन आला आणि गोड आवाजात म्हणाला की मोटर माझ्याच नावावर राहू दे, पाणी सगळ्यांना देतो, मंजूर आहे ना? पटांगण मान खाली घालून बसलं. तेवढ्यात बावीस वर्षांचा कृष्णात उठला आणि ‘नामंजूर’ म्हणून ओरडला. का ओरडला, हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. पण त्याच्यामागून सगळं पटांगण उठलं. त्याच दिवशी हात मोजून, स्वतःची मोटर बसवायची ठरवून, संस्था झाली. चिमणाबाई नावाच्या तरुण विधवेनं पाइप न्यायला आपल्या रानातली पट्टी फुकट दिली, आणि हात मोजायलाही तीच पुढं होती.

मग पहिल्या दोन निवडणुका अशा झाल्या, की भाऊ भावाशी बोलेना. एका घरात एकाच लग्नाला दोन मांडव पडले. तेव्हा गावातल्या शहाण्या माणसांनी ठरवलं, नको ही कटकट, बिनविरोध करू. आबा आहेतच की. आणि आबा होतेच. २००५च्या पुरात छातीएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी मोटरी वर काढल्या होत्या, २०१९ला पन्नाशी गाठल्यावर पुन्हा काढल्या. असल्या माणसाला नको कोण म्हणणार? दर पाच वर्षांनी बिनविरोध झालं, पेढे वाटले गेले. गावानं आधी प्रश्न विचारायचं सोडलं, मग पाळीपत्रक वाचायचं सोडलं, मग ठराव ऐकायचंही सोडलं. कुणी हिसकावून घेतलं नाही. गावानं आपल्या हातानं, कौतुकानं एकेक गोष्ट आबांच्या ओटीत घातली. पाणी कुणाला दिवसा आणि कुणाला रात्री, हे आबाच ठरवू लागले. कृष्णातची पाळी कायम सकाळी सातची असायची, आणि ती कशामुळं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

यंदा गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत कृष्णात डॉल्बीच्या वरताण ओरडला आणि त्याचा आवाज बसला तो बसलाच. हळद झाली, ज्येष्ठमध झालं, शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून घशातली गाठ काढली. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबूजसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा गेला म्हणून समजा, असं त्यांनी बजावलं. सभा नेमकी नवव्या दिवशी होती.

त्याची बायको बयाबाई हिनं लेकीची जुनी पाटी-पेन्सिल शोधून त्याच्या हातात दिली. लग्नानंतर घरात पहिल्यांदा शांतता नांदतेय, असं ती शेजारणीला म्हणाल्याचं ऐकिवात आहे. तिचा सल्ला साधा होता, की आबांना खरं काय ते कळवावं, ओरडायला दुसऱ्या कुणाला तरी बसवतील. कृष्णातनं पाटीवर पाटीएवढं ‘नाही’ लिहिलं. एकदा दुसऱ्यानं पहिला मंजूर म्हटला की पहिली रांग गेली, आणि रांगेमागोमाग सकाळी सातची पाळीही जाणार. त्यापेक्षा कुणाला काही कळूच द्यायचं नाही. माणसं दोनशे आहेत, ती ओरडणारच. आपण नुसता तोंडाचा आ करायचा. मग बयाबाईनं गावात सांगून टाकलं, की ते लेकीकडं इचलकरंजीला गेलेत, आणि नऊ दिवस हा बहाद्दर माजघरात लपून राहिला.

एक गोष्ट मात्र त्याला माजघरात स्वस्थ बसू देत नव्हती. गणपतीच्या आधी आबांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, की यंदा सातव्या ठरावाला जरा मोठ्यानं. आबांनी माळावर पाच एकर नवीन घेतले होते. तिकडं पाइपचा नवा फाटा न्यायचा होता, आणि त्यासाठी पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या अकरा जणांचं पाणी बंद करायचं होतं. कागदावर लिहिलं होतं, दाब पुरत नाही. त्या अकरांत चिमणाबाईचं अर्ध्या एकराचं मेथी-कोथिंबिरीचं रान होतं. ज्या पाइपातून आबांचं पाणी माळावर जाणार, तो पाइप तिच्याच पट्टीतून गेलेला. आणि ते ऐकून कृष्णातनं होकाराची मान हलवली होती.

सभेच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून संस्थेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसला. बयाबाईनं पाटी कापडी पिशवीत घालून पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली होती. आबांनी खुर्चीवरून त्याला बघून समाधानानं मान डोलावली. मागं चिमणाबाई आपल्या अकरावीतल्या नातीला, तेजस्वीला घेऊन चपलांच्या ढिगापाशी बसली होती. शेवटच्या टोकाची माणसं सभेतही शेवटालाच बसायची.

सयाजीनं पहिला ठराव वाचला. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. मंजूर आहे का, असं विचारून त्यानं नेहमीसारखा श्वास घेतला. कृष्णातनं तोंडाचा आ केला.

कुणीच ओरडलं नाही.

कृष्णात तोंड उघडं ठेवून वाट बघत राहिला. त्याला वाटलं, आता येईल मागून लाट. आणि मागं दोनशे माणसं वाट बघत राहिली, की आता येईल पुढून आवाज. सयाजीनं वर बघितलं, घसा साफ केला आणि स्वतःच बारक्या आवाजात मंजूर म्हणून टाकलं. तिकडून दोघं-तिघं चाचरत मंजूर म्हणाले. दुसऱ्या ठरावाला तेवढेही नाहीत. तिसऱ्याला सयाजी एकटाच. चौथ्याला मागच्या रांगांतून कुजबूज सुरू झाली आणि ती सरकत सरकत कृष्णातच्या कानापर्यंत आली. कृष्णात गप्प हाय. कृष्णात बोलंना. त्यो जाणूनबुजून बोलंना.

कृष्णात आ करायचंही विसरला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, की गाव ओरडतं आणि आपण त्या ओरडण्याचा मान तेवढा घेतो. आता त्याला समजलं, की गाव त्याच्या आधी कधी ओरडलंच नव्हतं. आबांची खुर्ची, पाळीपत्रक, सयाजीचं आदल्या दिवशीचं इतिवृत्त, हा सगळा डोलारा त्याच्या एका घशावर उभा होता. आणि त्या घशात आता टाके होते. त्याला हसू यावं की रडू, हे त्याला कळेना. आपण एवढे मोठे होतो, आणि आपल्याला ते माहीत नव्हतं.

सातवा ठराव आला. सयाजीनं तो वाचला. शेवटच्या टोकाकडील अकरा सभासदांचा पाणीपुरवठा बंद करणेबाबत. मंजूर आहे का?

हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की नदीकाठच्या मोटरीची घरघर ऐकू येऊ लागली. अर्धा मैल लांब चालणारी ती मोटर सभेत आजवर कुणाला ऐकू आली नव्हती. माणसांनी एकमेकांकडं बघणंही थांबवलं. जो तो जणू आपल्याच आत काहीतरी ऐकत होता.

आबा खुर्चीवरून पुढं वाकले. ते रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते.

“कृष्णात, तुझं काय म्हणणं हाय? बोल की.”

कृष्णातचा हात पिशवीत गेला. बोटांना पाटीची लाकडी कड लागली, मग पेन्सिल लागली. तीन अक्षरं लिहून पाटी वर धरायची, की सगळं जिथल्या तिथं. सकाळी सातची पाळी, पहिली रांग, पंगतीत आबांच्या शेजारचं पान. नुसता हात वर केला असता तरी भागलं असतं. मागं दोनशे माणसं त्या हाताकडं बघत होती. त्यानं एकदा वळून चपलांच्या ढिगाकडं पाहिलं. चिमणाबाई त्याच्याकडं बघतच नव्हती. ती मांडीवरच्या आपल्या हातांकडं बघत होती, आणि तिच्या नखांत सकाळी तोडलेल्या कोथिंबिरीचं हिरवं अजून होतं. कृष्णातला शाळेचं पटांगण आठवलं. त्या दिवशी का ओरडलो, ते आज त्याला पहिल्यांदा उमगलं. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती, म्हणून.

पिशवीतून हात रिकामाच बाहेर आला. तो त्यानं मांडीखाली दाबून धरला.

आबा खुर्चीत मागं टेकले. मंजूर नाही आणि नामंजूरही नाही, अशा वेळी काय करायचं हे त्यांना आठवत नव्हतं. सयाजीनं तर ते कधी पाहिलंच नव्हतं. तो नंतरच्या काळातला. शेवटी मागून चिमणाबाई उठली.

“हात मोजा की,” ती म्हणाली. “पयल्यांदा मोजलं हुतं तसं.”

कसे मोजायचे, हे तिनंच सांगितलं. एका बाजूनं सयाजीनं मोजायचं आणि दुसऱ्या बाजूनं तिच्या नातीनं, दोघांनीही मोठ्यानं, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. आधी ठरावाच्या बाजूचे हात, मग विरोधातले. आबांनी मान हलवली. बाजूनं अठ्ठावन्न हात वर झाले. मग विरोधातले हात मागितले. मग चिमणाबाईचा हात वर गेला, मग टोकाकडच्या दहा जणांचे, मग थोडं थांबून मधल्या रांगेतला एक. आणि मग कशानं काय झालं कोण जाणे, रांगांमागून रांगा हात वर येत गेले. कुणाचे चुन्यानं माखलेले, कुणाचे काकणांचे, एक हात प्लास्टरमध्ये होता तोही. सगळ्या जन्मात कृष्णातनं एवढे हात एकदम पाहिले नव्हते. चौऱ्याण्णवला तो ओरडला होता, पण हात मोजले तेव्हा डोळे मिटून बसला होता. आज त्यानं बघून घेतलं.

एकशे सव्वीस.

आता काय होईल, या धास्तीनं सगळे आबांकडं बघू लागले. आबांनी सभा तहकूब म्हटली असती तर निम्मा हॉल निमूट उठून गेला असता, इतकी वर्षांची सवय होती. आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

“सयाजी, खोड ते,” ते म्हणाले. “नामंजूर लिव्ह.”

सयाजीनं आदल्या दिवशी लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली. पेन कागदावर खरखरलेलं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कृष्णातला त्या हातांचं जेवढं नवल वाटलं, तेवढंच आबांचं वाटलं. पुरात उभं राहणं यापेक्षा सोपं असावं.

पण गोष्ट इथं संपत नाही. माणसं आहेत शेवटी. दहावा विषय संस्थेच्या पुढच्या निवडणुकीचा होता, म्हणजे दर पाच वर्षांचा बिनविरोधचा. तो पुकारला मात्र, मधल्या रांगेतून विजयसिंह उठला. विजयसिंह पस्तिशीचा, हुशार, पुरात बोटीतून म्हातारीकोतारी काढलेला, ओठावर मिशी आणि बोलण्यात धार. तो म्हणाला की आज गावानं इतिहास घडवला, आता मागं वळायचं नाही, पण निवडणूक म्हणजे पुन्हा भांडणं आणि दोन मांडव, तेव्हा आता नव्या रक्ताला संधी द्या. लगेच कुणीतरी म्हणालं, विजयसिंहालाच करा बिनविरोध. हॉलभर माना डोलल्या. सगळ्यांना बरं वाटलं. आणि मग एकेक करून दोनशे तोंडं पहिल्या रांगेकडं वळली आणि गप्प झाली.

ती कृष्णातच्या आवाजाची वाट बघत होती.

विजयसिंहसुद्धा बघत होता, हसून, आशेनं, अगदी तरुणपणीच्या हंबीररावांसारखा. चांगला पोरगा होता तो. हंबीरराव तरी कुठं वाईट होते? कृष्णातला एकदम सगळं दिसलं, की हे असं सुरू होतं. कुणी चोरून खुर्ची नेत नाही. एक चांगला माणूस उभा राहतो, एक मोठ्या आवाजाचा माणूस तोंड उघडतो, आणि बाकीच्यांना पंगतीला जायची घाई असते.

तो उठला. हॉलला वाटलं, आता बोलणार. तो बाकांच्या मधून चालत पार मागं गेला आणि चपलांच्या ढिगाजवळ चिमणाबाईच्या शेजारी खाली सतरंजीवर बसला. चिमणाबाई त्याच्या कानाशी वाकली.

“आज लई मोठेपणा घेतलास. पर सातव्याला तुझा हात कुठं हुता रं? दोन्हींतबी मला दिसला न्हाय.”

कृष्णातची मान खाली गेली. त्यानं पिशवीतून पाटी काढली आणि लिहिलं, ‘घशाचं ऑपरेशन. नऊ दिवस झाले. बोलायला बंदी आहे.’ तेजस्वीनं ते आजीला हळू वाचून दाखवलं. चिमणाबाईनं पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हसून हसून गदगदले. मग डोळे पुसून म्हणाली, “घशाचं ऑपरेशन झालंय व्हय. हाताचं तर न्हाय न्हवं?”

पुढं बिनविरोधवाल्यांचा आवाज वाढत होता, पण पहिला कुणी ओरडत नव्हतं. तेव्हा तेजस्वीच उठली आणि म्हणाली की आधी हे ठरवू, मतपेटी ठेवून मतदान घ्यायचं की नाही, आणि तेही हात मोजून. आबांनी सयाजीकडं पाहिलं, सयाजीनं आबांकडं. मग आबा म्हणाले, “मोजा.” ज्यांना मतदान पाहिजे त्यांनी हात वर करा, असं सयाजीनं सांगितलं. पुन्हा हात वर येऊ लागले. या खेपेला ते कुणाकडं न बघता येत होते, कुणी आधी, कुणी मागून, कुणी वर करून पुन्हा खाली घेतलेले. आबांचा स्वतःचा हातही वर होता, आणि कुठल्याशा रांगेत विजयसिंहाचाही, जरा उशिरानं.

कृष्णातनं पाटी खाली ठेवली आणि सातव्याला मांडीखाली दाबलेला हात मोकळा केला. अजून त्यात मुंग्या होत्या. त्यानं तो वर केला आणि तसाच धरून ठेवला. तेजस्वी रांगा मोजत पुढून मागं येत होती. दुसऱ्या बाजूचा सयाजीचा आकडा तिनं मिळवून घेतला आणि चपलांच्या ढिगापाशी पोचली. तिनं कृष्णातच्या तोंडाकडं बघितलं नाही. तिनं फक्त हात बघितला.

“एकशे एकोणीस,” ती म्हणाली, आणि पुढच्या हाताकडं वळली.